पिवळ्या पाटीवरचा समुद्र

रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली एक बारीक ओळ असते: समुद्रसपाटीपासून उंची इतकी. यवतमाळ जिल्ह्यात ही ओळ वाचताना गंमत वाटते. कुठल्याही बाजूने निघा, समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरी यवतमाळ शहराची उंची सुमारे 445 मीटर म्हणून सांगताना आपण मोजायला सुरुवात समुद्रापासूनच करतो. पण कोणत्या समुद्रापासून, आणि किती वाजताच्या? मुंबईत उधाणाच्या दिवशी सहा तासांत पाणी चार मीटरहून जास्त चढते आणि तेवढेच उतरते. ‘सपाटी’ किनाऱ्यावर उभे राहून दिसत नाही, ती हिशेबाने काढावी लागते.

हा हिशेब छापील आहे. भारताची मोजणी करणाऱ्या ‘ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे’च्या जाडजूड खंडमालेतला सोळावा खंड (1901) 1873 ते 1892 या काळातल्या भरती-ओहोटीच्या नोंदींचा, आणि एकोणिसावा (1910) 1858 ते 1909 मधल्या उंचीमापनाचा. दोन्ही शेजारी ठेवून वाचले की पाटीवरच्या शून्याचा जन्म बराचसा उलगडतो.

सुरुवात मुंबईत झाली नाही, कच्छच्या आखातात झाली. तिथे जमीन आणि समुद्र यांची परस्पर पातळी कालांतराने बदलते का, हे सर्व्हेचे प्रमुख वॉकर यांना तपासायचे होते. ते काम ए. डब्ल्यू. बेर्ड या लष्करी इंजिनिअरकडे आले. 1874-75 मध्ये त्याने ओखा, नवानार आणि हंसथळ या तीन जागी भरतीमापक बसवले. यंत्र साधेच. किनाऱ्यालगत उभा लोखंडी नळ, बारीक भोकांतून आत येणारे पाणी, त्यामुळे लाटांची खळबळ बाहेरच राहते. आत तरंगता डबा, त्याला तार, तारेच्या टोकाला पेन्सिल, आणि घड्याळावर फिरणारा कागद गुंडाळलेला रूळ. दिवसरात्र रेघ उमटत राहते.

या रेघांतून निघालेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आखाताच्या तोंडाशी ओखा आहे आणि आत, डोक्याकडे, हंसथळ. दोन्हीकडची सरासरी पातळी सारखी निघाली नाही. हंसथळची काही इंच वर होती. उथळ, निमुळत्या पाण्यात भरतीची लाट आपला आकार राखत नाही. तळाचे घर्षण तिला अडवते, माथ्याकडचे पाणी पायथ्यापेक्षा वेगाने पुढे सरते, चढती घाईने येते आणि सुकती रेंगाळते. सरासरीवरही त्याचा परिणाम होतो. शेजारच्या खंभातच्या आखातात हाच खेळ मोठ्या प्रमाणावर चालतो: उन्नीकृष्णन, शेट्ये आणि मायकेल या संशोधकांनी 1999 मध्ये संगणकीय प्रतिमानातून तो मांडला. दिवसातून दोनदा येणारी भरती तिथे तोंडापासून टोकापर्यंत जवळजवळ तिपटीने वाढते.

1878 पासून मुंबईच्या अपोलो बंदरावरही रेघ उमटू लागली. त्या रेघेवरून तासातासाची उंची वाचायची आणि तिच्यातून चंद्राचा हिस्सा, सूर्याचा हिस्सा, उथळपणाचा हिस्सा वेगळा काढायचा, अशी भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसन यांची पद्धत होती. चंद्राचा मुख्य हिस्सा 12 तास 25 मिनिटांनी फिरून येतो, सूर्याचा बरोबर 12 तासांनी. हिस्से सुटे झाले की उलट दिशेने जाऊन पुढच्या वर्षाची भरती मांडता येते. त्यासाठी 1879 मध्ये एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या देखरेखीखाली लंडनमध्ये भारत सरकारसाठी यंत्र तयार झाले. त्यात प्रत्येक हिश्श्याला एक कप्पी, आणि साऱ्या कप्प्यांवरून फिरणारी एकच दोरी. आधी वीस हिस्से होते, मग चोवीस झाले. मुंबईच्या भरतीचे आकडे कैक वर्षे इंग्लंडमधून छापून येत. यंत्र देहरादूनला आले ते 1921 मध्ये.

त्या आकड्यांची निकड व्यापाराला होती. 1880 मध्ये सुरू झालेल्या प्रिन्सेस डॉकमध्ये जहाज शिरायचे ते भरतीच्या सुमारासच. पुढे यवतमाळहून ‘शकुंतला’ रेल्वेच्या अरुंद रुळांवरून मूर्तिजापूरला आणि तिथून मोठ्या गाडीने मुंबईला जाणाऱ्या कापसाच्या गठाणी याच बंदराच्या वाटेला लागत. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला भरतीचे वेळापत्रक ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

आता एकोणिसावा खंड. 1909 मध्ये देशभरच्या उंचीमापनाच्या रेषांचा मेळ घालायचा होता. सर्व्हेतले अधिकारी बुरार्ड यांच्या हाती नऊ बंदरांची सरासरी पातळी होती: कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोची, नागपट्टण, मद्रास, विशाखापट्टण आणि ओरिसातला फॉल्स पॉइंट. नऊही ठिकाणी समुद्र एकाच उंचीवर आहे असे धरून सगळीकडे शून्य लावले गेले, आणि जमिनीवरच्या रेषांत जो फरक उरला तो वाटून टाकला. कच्छच्या एकाच आखातात दोन टोकांना पातळी वेगळी निघाली होती, हे त्याच खात्याला पस्तीस वर्षे माहीत होते. तरी मी याला दुर्लक्ष म्हणणार नाही. मेळ घालायला कुठेतरी खुंटी ठोकावीच लागते.

मापनाचे मूळ आकडे मात्र वेगळे सांगत होते: विशाखापट्टणचा समुद्र मुंबईच्या समुद्राहून सुमारे 30 सेंटिमीटर वर. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या डी. शंकर आणि सतीश शेट्ये यांनी 2001 मध्ये या जुन्या तफावतीचे कारण मांडले. बंगालच्या उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरीचे गोडे पाणी मिसळते. कमी खारे पाणी हलके. तेवढाच भार पेलायला ते जास्त उंच उभे राहते.

यवतमाळचा कापूस पश्चिमेला गेला, पाणी मात्र पूर्वेला जाते. अडाण, अरुणावती, पूस, बेंबळा या नद्यांचे पाणी पैनगंगेत नाहीतर वर्धेत जाते. ते पाणी पुढे प्राणहितेतून गोदावरीत उतरते. पाटीवरच्या उंचीचे शून्य जे तीस सेंटिमीटर बाजूला ठेवून ठरले, त्या फुगवट्यात दर पावसाळ्यात थोडे पाणी इथलेही असते.