अर्ध्यावर मिटलेल्या कादंबऱ्या

ग्रंथालयाचं जुनं पुस्तक पुनर्बांधणीला आलं की मी आधी कणा सोडवतो, शिवण उसवतो आणि फर्मे सुटे करून टेबलावर ओळीनं मांडतो. तीस वर्षं हा माझा धंदा आहे. फर्मे असे मांडले की बांधलेल्या पुस्तकात सहसा न दिसणारी एक गोष्ट नजरेत भरते. पहिले चार-पाच फर्मे मळलेले असतात. पानांचे खालचे कोपरे बोटं लागून तपकिरी झालेले, कुठे तेलाचा डाग, कुठे दुमडल्याची खूण. मग हा मळ पातळ होत जातो आणि पुढचे फर्मे कालच छापखान्यातून आल्यासारखे स्वच्छ निघतात. सोळा पानांचा एक फर्मा धरला तर साधारण कोणत्या पानाच्या आसपास वाचकांनी पुस्तक मिटलं, ते बोटानं दाखवता येतं.

या पुराव्यात खोट आहे, हेही सांगतो. शेवटचा फर्मा बहुधा मळलेला असतो, कारण शेवट आधी बघणारे वाचक पुष्कळ. माझी आत्या त्यांतलीच. ती ग्रंथालयातून कादंबरी आणायची, दारातच उभी राहून शेवटची चार पानं वाचायची आणि मग ठरवायची की ही घरात घ्यायची की उद्या परत करायची. ‘टाकली’ हा तिचा शेरा. त्यावर चर्चा नसे. तेव्हा मळावरून निष्कर्ष काढताना आत्यासारख्यांना वजा करावं लागतं. पण एकदा दान आलेल्या संग्रहातली, १९००च्या आसपासच्या बांधणीची, मुखपृष्ठ हरवलेली एक भाषांतरित कादंबरी माझ्याकडे आली. तिची तिसऱ्या फर्म्यापासूनची पानं वरच्या कडेला जोडलेलीच होती, कोणी कापलीच नव्हती. तिथं शंकेला जागा उरली नाही.

मी शिकलेला संशोधक नव्हे. दुरुस्तीला येणारी पुस्तकं परत करण्याआधी वाचायची सवय लागली, त्यातून हा नाद आला. आणि या नादात पडल्यावर प्रथम खटकलं ते हे, की मराठी कादंबरीच्या इतिहासात कोणती कादंबरी कधी छापली याची नोंद भरपूर आहे; कोणी कुठं सोडली याची जवळजवळ नाही. १८६७च्या पंचविसाव्या कायद्यानं छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंदणी सक्तीची झाली. त्या कायद्याखाली निघणाऱ्या त्रैमासिक याद्यांत पुस्तकाचं नाव, पानं, आकार, किंमत, छापलेल्या प्रती असं सगळं असे आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची एकहाती म्हणावी अशा चिकाटीनं केली. तिच्याशिवाय माझ्यासारख्याचं पान हलत नाही. पण छापणं आणि विकत घेणं इथवरच ही साधनं पोचतात. पुस्तक घरी गेल्यानंतर त्याचं काय झालं, हे वाचकानं स्वतः तोंड उघडल्याशिवाय कळायचं नाही.

असं तोंड उघडणारा एक वाचक लवकरच भेटतो. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांचा ‘नावल व नाटक यांविषयी निबंध’ १८७२चा आहे. तोवर मराठी कादंबरीचं वय पुरतं पंधरा-सोळा वर्षांचं. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. या वळणाच्या कादंबऱ्या लोक आवडीनं वाचत होते, तिच्यासारख्या आणखी लिहिल्या जात होत्या, आणि मराठ्यांनी भर आवडीच्या काळात त्यांच्या अद्भुताला, त्यातल्या अनुभवाशी तुटलेल्या जगाला उघड नावं ठेवली. पुढं समीक्षकांनी या निबंधाला मराठी कादंबरी-समीक्षेचा आरंभ म्हणून मान दिला. मला तो वाचताना आत्या आठवते. फरक इतकाच, की मराठ्यांनी ही पुस्तकं शेवटपर्यंत वाचली असावीत. अर्धवट वाचणाऱ्याला एवढा राग येत नाही, तो नुसता कंटाळतो.

आता कबुली. काही वर्षांपूर्वी मी एका छोट्या नियतकालिकात ‘मुक्तामाला’वर लेख लिहिला होता. सद्गुणी नायिका, तिचे वियोग आणि संकटं, कपटी माणसं, शेवटी सज्जनांना सुख आणि दुर्जनांना शासन, असं सगळं त्यात व्यवस्थित होतं. महिन्याभरानं एका वृद्ध वाचकाचं पत्र आलं. लेख आवडल्याचं लिहून त्यांनी मधल्या एका प्रसंगाबद्दल साधी शंका विचारली होती. मला उत्तर देता येईना, कारण तो भाग मी वाचलेला नव्हता. माझी प्रत निम्म्याच्या अलीकडेच मिटली होती. पुढचं मी इतरांच्या ग्रंथांतून उचललं होतं, आणि त्यातल्या काहींनीही ते कुठून उचललं असेल कोण जाणे. पत्राचं उत्तर मी दिलं नाही. याची लाज अजून आहे.

त्या पत्रामुळे ठरवलं की ज्या कादंबऱ्यांची नावं आपण इतिहास म्हणून घेतो, त्या क्रमानं वाचायच्या आणि कुठं थांबलो ते प्रामाणिकपणे वहीत लिहायचं. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती सांगताना ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ ही तीन नावं घेतली, तिथूनच सुरुवात केली.

बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ (१८५७) पुरं केलं. हे मला अनपेक्षित होतं. पुस्तकाचा हेतू धर्मप्रचाराचा आहे आणि तो लपवलेला नाही. उपदेशाची संभाषणं सुरू झाली की पानं जड होतात, हेही खरं. पण यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते, ठिकठिकाणी विधवांच्या हकिकती तिच्या कानावर पडतात, आणि त्या हकिकतींत घरातली माणसं घरातल्यासारखी बोलतात. नंतर तिच्यावरच वैधव्य येतं. उपदेशाची पानं मी भराभर उलटली, हकिकतींची दोनदा वाचली. अशा वाचनाला पुरं वाचन म्हणायचं का, हे वाचकांनी ठरवावं.

‘मंजुघोषा’ सोडली. सत्तर पानं झाली होती. मात्र तिची प्रस्तावना मी कित्येकांना वाचून दाखवली आहे. रिसबुडांनी तिथं अगदी सरळ सांगून टाकलं आहे की आपल्या लोकांच्या लग्नाच्या चालीमुळे आणि इतर कारणांमुळे आपल्या रोजच्या आयुष्यात गोष्ट रंगवण्याजोगे गुणही नाहीत आणि दोषही नाहीत. रोजचंच लिहावं तर त्यात मन गुंतणार नाही, म्हणून अद्भुताकडे वळावं लागतं. मुलीचं लग्न आठव्या-नवव्या वर्षी लागून गेलेलं, तेव्हा प्रेमाची गोष्ट कुणाची सांगायची? लेखकाची ही अडचण खरी होती. कादंबरी सोडूनही प्रस्तावना जवळ ठेवावी, असं मला वाटलेलं हे एकच पुस्तक.

‘मोचनगड’ (१८७१) पुरी केली, तीही सलग. रामचंद्र भिकाजी गुंजीकर हे ‘विविधज्ञानविस्तारा’चे संपादक, त्याच मासिकातून ती क्रमशः आली. काळ शिवाजी महाराजांचा, पण गड कल्पनेतला. लेखकाला गडावर राहणाऱ्या माणसांबद्दल कुतूहल आहे, ते शेवटपर्यंत टिकतं. अलीकडच्या कित्येक जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्यांत प्रत्येक पात्र पुतळ्यासारखं बोलतं. गुंजीकरांची माणसं तशी बोलत नाहीत. हे मत कुणाला रुचणार नाही, पण वहीत आहे तेच लिहितो.

आणि मग ‘पण लक्षात कोण घेतो?’. ही मी तिशीत एकदा सोडली होती. हरिभाऊ आपट्यांची थोरवी ठाऊक असूनही सोडली होती. यमूचं लहानपण, दादा, दुर्गी, घरातली बोलाचाली हे सगळं चांगलं वाटत होतं, पण पुढं सरकत नाही असं वाटायचं. एकच गोष्ट पुन्हा सांगितल्यासारखी, मागचं आठवून दिल्यासारखी. शंभर-सव्वाशे पानांवर खूण घालून ठेवली ती वीस वर्षं तिथंच राहिली.

दुसऱ्यांदा हातात घेतली ती शिवायला आली म्हणून. फर्मे मांडले आणि बघतो तर या प्रतीचा मळही माझ्या खुणेच्या जवळपास पातळ होत होता. म्हणजे मी एकटा नव्हतो. मग डोक्यात आलं की ही कादंबरी अशी वाचण्यासाठी लिहिलीच नव्हती. हरिभाऊंनी ‘करमणूक’ साप्ताहिक १८९०च्या ऑक्टोबरात सुरू केलं आणि ही कादंबरी त्यातून हप्त्याहप्त्यानं आली; पुस्तक नंतर झालं. ज्याला मागचा तुकडा वाचून आठ दिवस झाले आहेत, मध्ये सणवार, आजारपणं, पाहुणे झाले आहेत, त्याला मागचं आठवून द्यावंच लागतं. मला जो पाल्हाळ वाटला तो आठ दिवस थांबलेल्या वाचकाच्या हाताला धरण्याचा प्रकार होता. मी पानावर पान उलटत होतो, म्हणून तो मला नडला.

तेव्हा ठरवलं, आठवड्याला एक प्रकरण, जास्त नाही. शनिवारी दुकान बंद केल्यावर. चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून फरक पडला. यमू मधल्या दिवसांत आठवू लागली. बायकोनं एकदा विचारलंही, “काय हो, तिच्या सासरी काय झालं पुढं?” मी तिला सांगत होतो हे माझ्या ध्यानातही नव्हतं. दुसऱ्या हप्त्याची वाट बघणारी दोन माणसं घरात झाली. रघुनाथराव गेल्यानंतर मात्र नियम मोडला. शंकरमामंजी यमूचं केशवपन करायला लावतात, ते वाचून पुढचा शनिवार येईपर्यंत थांबणं मला जमलं नाही, त्याच रात्री शेवटापर्यंत गेलो. १८९०च्या दशकातल्या वाचकाला ही सोय नव्हती. त्याला त्या प्रसंगासह आठ दिवस काढावे लागले असणार. ज्या घरात तो अंक आला, त्या घरातच कुठं तरी आलवणातली बाई चुलीपाशी बसलेली असेल. अंक कुणी मोठ्यानं वाचून दाखवत असेल तर तिच्याही कानावर पडत असेल. या आठ दिवसांचा इतिहास लिहायला साधन नाही. पण ते दिवस होते, एवढं मला माझ्या पद्धतीनं वाचल्यावर पटलं.

पदमनजींची यमुना आणि हरिभाऊंची यमुना, दोघी विधवा, दोन पुस्तकांत तीस-पस्तीस वर्षांचं अंतर. पहिलीला लेखकानं दुसऱ्या धर्मात आणि दुसऱ्या लग्नात वाट काढून दिली. दुसरीला वाट दिली नाही. पहिलीचा शेवट मला लेखकानं ठरवलेला वाटला, दुसरीचा घरानं ठरवलेला.

जाता जाता एक गंमत. सोडून देण्याचा हक्क वाचकापुरताच नव्हता. ‘मधली स्थिती’ (१८८५) रेनॉल्ड्स या इंग्रजी लेखकाच्या आधारानं लिहून सुरुवात करणाऱ्या हरिभाऊंनी पुढं ‘गणपतराव’ अपुरी ठेवली, ‘कर्मयोग’ही अपुरी राहिली. साप्ताहिकाचा जन्म तसा. लेखकाला दर आठवड्याला कागद काळा करावा लागतो आणि एखाद्या गोष्टीतून त्याचंही मन उडतं. ‘करमणूक’ १९१७पर्यंत चाललं, एवढं ते ओढलं हेच नवल.

विसाव्या शतकाबद्दल थोडक्यात. बाबुराव अर्नाळकरांच्या ‘झुंजार’च्या आणि ‘काळापहाड’च्या चोपड्या माझ्याकडे यायच्या त्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सारख्या मळलेल्या. हजारावर रहस्यकथा लिहिणाऱ्या या माणसाला वाङ्मयेतिहासात दोन ओळींची जागा मिळते. फर्म्यांच्या साक्षीनं बघायचं तर मराठी वाचकानं इतक्या निष्ठेनं पुरं केलेलं दुसरं काही माझ्या टेबलावर आलेलं नाही. खांडेकरांची ‘ययाति’ मी विशीत पुरी केली होती आणि रडलो होतो. पन्नाशीत पुन्हा घेतली तेव्हा सुभाषितांना अडखळत तिसऱ्या दिवशी ठेवून दिली. पुस्तक तेच आहे, ज्ञानपीठही तेच. ‘कोसला’ दोनदा सोडली, तिसऱ्यांदा एका रात्रीत संपवली. का, ते मला नीट सांगता येत नाही.

‘मुक्तामाला’ मागच्या पावसाळ्यात पुन्हा काढली. या खेपेला मागच्या खुणेच्या पुढं बावीस पानं गेलो आहे. त्या वृद्ध वाचकांनी विचारलेला प्रसंग अजून आलेला नाही. त्यांचं पत्र मी त्याच प्रतीत घालून ठेवलं आहे. त्यावरचा पत्ता अजून तोच असेल का, ठाऊक नाही. प्रसंग सापडला की त्या पत्त्यावर उत्तर टाकणार आहे.