अश्व : देहरचना आणि गती

घोड्याचा अस्थिपंजर, स्नायू, कंडरा, खुरे व श्वसनेंद्रिये यांची घडण आणि त्याची चाल, वेग, ओढ व दम यांतील कार्यकारणसंबंधाचा विचार या नोंदीत केला आहे. घोड्याहून चपळ प्राणी सृष्टीत आहेत आणि त्याहून बळकटही आहेत. परंतु गवतदाण्यावर पोसलेला ४५० ते ५०० किलोग्रॅम वजनाचा देह पाठीवर माणूस घेऊन ताशी ६० किलोमीटरांच्या पुढे पळावा आणि वेळ पडल्यास त्यानेच दिवसभराची मजल मारावी, हा योग दुर्मिळ आहे. ज्या घडणीमुळे तो जुळून आला तिच्यातच घोड्याचे मोठे दुबळेपणही साठविलेले आहे, आणि या दोन्ही बाजू एकत्र पाहिल्याखेरीज त्याच्या देहाचे मर्म उमगत नाही.

घोडा एका बोटावर उभा असतो. सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या, कुत्र्याएवढ्या त्याच्या पूर्वजाला पुढच्या पायांस चार व मागच्या पायांस तीन बोटे होती; पुढे तृणभूमी पसरत गेल्या तसतशी कडेची बोटे क्षीण होत जाऊन अखेर मधले बोट तेवढे उरले, आणि त्या बोटाचे नख म्हणजेच आजचे खूर. लोप पावलेल्या शेजारच्या बोटांची खूण म्हणून नळीच्या हाडास लगटून असलेल्या दोन बारीक अस्थी मात्र राहिल्या आहेत. पुढच्या पायाचा गुडघा म्हणून आपण जो दाखवितो तो वस्तुतः मनगट होय, आणि मागच्या पायाचा जो सांधा उलटा वाकल्यासारखा दिसतो तो घोटा होय. या मनगटाच्या व घोट्याच्या खाली मांसल स्नायू जवळजवळ नाहीतच. आहेत ती हाडे, कंडरा, बंध आणि वरचे कातडे. पाय हलविणारे सारे बळ खांद्याशी व पुठ्ठ्यांशी, म्हणजे धडाच्या जवळ, एकवटलेले असते. काठीच्या टोकास वजन बांधले असता ती फिरविताना जे श्रम पडतात ते तेच वजन मुठीजवळ बांधले असता पडत नाहीत, हे ज्याने लाठी फिरविली आहे त्यास निराळे सांगावयास नको. घोड्याचा पाय याच न्यायाने टोकाकडे हलका होत गेला आहे, आणि म्हणूनच भरधाव पळताना तो एका सेकंदात दोनांहून अधिक वेळा मागेपुढे झुलविता येतो. मांजर पंजा वळवू शकते. घोड्याच्या पुढच्या पायातील दोन अस्थी एकजीव झाल्यामुळे त्याला ते साधत नाही, आणि त्याचे सारे चलन मागे-पुढे या एकाच दिशेस वाहिलेले आहे.

स्नायूंची ही वाण कंडरांनी भरून काढली आहे. पूर्ण वेगात पुढचा एकच पाय जमिनीवर असताना त्यावर देहाच्या वजनाच्या अडीचपटीपर्यंत भार येतो. त्या भाराने खुरावरील सांधा खोल दबतो, त्यामागची कंडरा आपल्या मूळ लांबीच्या दहाव्या हिश्शाहूनही अधिक ताणली जाते, आणि भार उतरताच ती आखडून साठविलेली शक्ती परत देते. प्रत्येक पावलागणिक स्नायूंचा जो खर्च व्हावयाचा तो अशा रीतीने पुष्कळसा वाचतो. परंतु ताणाची ही मर्यादा तुटण्याच्या मर्यादेच्या अगदी निकट असते. शर्यतीच्या घोड्याची कंडरा एकदा फाटली म्हणजे ती व्रण होऊन भरते, पण पूर्वीची लवचिकता तीत येत नाही. आणि नळीभोवती मांस व रक्ताचा पुरवठा बेताचाच असल्याने तेथले मोडलेले हाड बरे होणेही कठीण जाते. माणसाला जे दुखणे चार-दोन महिन्यांचे, ते घोड्याच्या जिवावर बेतते, याचे मूळ येथे आहे. याच कंडरांच्या व गुडघ्याच्या वाटीच्या साह्याने मागचा पाय अडकवून घेऊन घोडा फारसे श्रम न होता उभ्याउभ्या डुलकी घेऊ शकतो. गाढ झोपेकरिता मात्र त्यास आडवे व्हावेच लागते.

चित्त्याचा कणा धनुष्यासारखा वाकतो व सुटतो, आणि त्यामुळे त्याची झेप लांबते. पण चित्ता काहीशे मीटरांतच थकतो. घोड्याचा कणा याच्या उलट बराचसा ताठ असून मुख्यत्वे कंबरेच्या मागे, त्रिकास्थीच्या सांध्याशी वाकतो. पाठीवर खोगीर चढविणे शक्य झाले ते या ताठपणामुळेच. पुढच्या पायांना धडाशी जोडणारे हाड, म्हणजे गळपट्टीचे हाड, घोड्यास नाही; छातीचा पिंजरा दोन्ही खांद्यांच्या मध्ये स्नायूंच्या झोळीत टांगल्यासारखा असतो आणि खुरांचा आघात त्या झोळीत बराचसा विरतो. दौडीत श्वासाची लयही पायांशी बांधली जाते : एका ढेंगेस एक श्वास, पुढचे पाय टेकताना उच्छ्वास. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, म्हणून त्याच्या फुललेल्या नाकपुड्यांवर सारा भरवसा असतो. विश्रांतीत मिनिटास ३० ते ४० वेळा पडणारे हृदयाचे ठोके पराकाष्ठेच्या श्रमात २२० च्याही पुढे जातात, आणि प्लीहा आकुंचन पावून तांबड्या रक्तपेशींचा राखीव साठा रक्तात सोडते. जरूर पडेल तेव्हाच उघडावयाचा असा खजिना अंगात बाळगणारा हा देह पाहून मन थक्क होते.

चालींची नावे आपल्याकडे जुनी आहेत : कदम, दुडकी, रहवाल (बोलीत रवाल) आणि चौखूर दौड. कदमात चार ठोके वेगवेगळे ऐकू येतात. दुडकीत समोरासमोरच्या कोपऱ्यांतील पाय जोडीने पडतात. रहवालात स्वारास हिसका असा जाणवत नाही. डोनाल्ड हॉइट व रिचर्ड टेलर यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की प्रत्येक चालीचा एक वेग असा असतो ज्यात अंतराच्या मानाने प्राणवायू कमीत कमी खर्च होतो, आणि मोकळा सोडलेला घोडा नेमके तेच वेग निवडतो. भरधाव दौडीविषयी मात्र शतकानुशतके डोळ्यांनी फसविले. चित्रकार पुढचे पाय पुढे व मागचे मागे ताणून घोडा अधांतरी दाखवीत. थिओदोर जेरिको यांचे एप्सम येथील शर्यतीचे १८२१ मधील चित्र तसेच आहे. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिज यांनी कॅलिफोर्नियात लेलँड स्टॅनफर्ड यांच्या घोड्यांची कॅमेऱ्यांच्या ओळीने छायाचित्रे घेतली तेव्हा दिसले, की चारही पाय अधांतरी असतात खरे, पण ते पोटाखाली गोळा झालेले असताना.

आकारमानाचा प्रश्न याहून मोठा आहे. गॅलिलिओ यांनी १६३८ मध्ये दाखविले, की देह वाढला म्हणजे वजन घनाच्या प्रमाणात वाढते आणि हाडाची ताकद मात्र त्याच्या छेदाच्या, म्हणजे वर्गाच्या, प्रमाणात. भीमा व नीरा यांच्या खोऱ्यांतील भीमथडीच्या तट्टांकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. अरबी घोड्याचा डौल त्यांना नाही. पण आखूड, घट्ट बांध्यास हाडांची ताकद वजनाच्या मानाने अधिक मिळते, पोटास दाणा-वैरण कमी लागते, आणि घाटाच्या खडकाळ वाटेवर देहाचा तोल जमिनीपासून फार उंच राहत नाही. मराठ्यांच्या फौजेने दूरदूरच्या स्वाऱ्या केल्या त्यांत या तट्टांचा वाटा मोठा होता, आणि त्यांना केवळ गरिबाचे जनावर मानणे अन्यायाचे होईल. उलट टोकास इंग्लंडातील शायर जातीचा अवजड घोडा : तो ९०० किलोग्रॅमच्या घरात जातो, भक्कम पुठ्ठ्यांनी जू ओढतो, आणि वेगाची अपेक्षा त्याच्याकडून कोणी करीत नाही.

अश्वपरीक्षेचे शास्त्र आपल्याकडे शालिहोत्राच्या नावाने चालत आले. तापीकाठच्या सारंगखेड्यास दत्तजयंतीला भरणाऱ्या घोडेबाजारात आजही देवमण व पंचकल्याणी या खुणांची चौकशी होते. अंगावरील भोवरा व पांढऱ्या पायांचा दौडीशी काही संबंध नाही. परंतु जाणते खरेदीदार तेथेच घोडा सपाट जमिनीवर चालवून घेतात, पुढून व मागून पाहतात, आणि त्यांची नजर विद्वानांच्या कोष्टकांहून पुष्कळदा अधिक खरी असते. कोष्टकांची गोष्ट अशी, की अठरा शर्यतींत एकदाही न हरलेला इंग्लंडातील एक्लिप्स हा घोडा १७८९ मध्ये मेला तेव्हा शार्ल व्हियाल द सेन्बेल या फ्रेंच पशुवैद्याने त्याचे शव तपासून मोजमापे घेतली, आणि ती आदर्श घोड्याच्या तत्कालीन शालेय प्रमाणांशी जुळेनात. त्याचा सांगाडा लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजात जतन केलेला आहे. झेनोफन या ग्रीक ग्रंथकाराने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात घोड्याची परीक्षा पायांपासून सुरू करावी असे सांगितले होते, घराची पारख पायापासून करतात तशी. आणि अनुभवी नालबंदही नवे जनावर समोर आले म्हणजे आयाळीकडे न पाहता आधी खूर उचलून त्याची भिंत, तळवा आणि टाच तपासतो.