फळीवरचा कॅमेरा

सॅम रायमीच्या ‘द ईव्हिल डेड’ (१९८१) या चित्रपटात रानातील दुष्ट शक्ती दिसत नाही. दिसते ती तिची दृष्टी. स्टेडीकॅम परवडणारा नव्हता. म्हणून लाकडी फळीवर कॅमेरा बसवायचा आणि दोघांनी तिची टोके धरून टेनेसीच्या रानातून धावायचे, अशी युक्ती निघाली. जमिनीलगत हिंदकळणारी ती दृष्टी शेवटी घरातून आरपार धावत ॲशच्या किंचाळत्या तोंडावर आदळते. तिथे हसायला जागा नाही.

‘ईव्हिल डेड २’मध्ये (१९८७, छायालेखन पीटर डेमिंग) ती परतते. ॲशच्या मागे एकेक दार ओलांडत धावते, आणि तो तिला सापडतच नाही! मग ती मुकाट्याने मागे सरकत रानात निघून जाते. रायमीवरील ‘थ्री स्टूजेस’चा प्रभाव दाखवताना सहसा ॲशचाच हात त्याच्या डोक्यावर बशा फोडतो, त्या प्रसंगाचा दाखला दिला जातो. मला तो या माघारीत अधिक सूक्ष्मपणे जाणवतो. कॅमेऱ्याची चाल जवळजवळ तीच आहे. मात्र पूर्वी अमोघ असलेली दृष्टी आता एक पात्र झाली आहे, आणि पात्राची फजिती होऊ शकते.

विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त भयानकाला हास्याचा विरोधी रस मानले आहे. रायमी हा विरोध मिटवत नाही, वापरतो. भिंतीवरचे हरणाचे मुंडके खदखदू लागते, दिवा, पुस्तके हसू लागतात, ॲशही हसतो. आणि त्याच श्वासात त्याच्या हसण्याची किंकाळी होते.