मराठी भाषकांचे इंग्रजी क्रियापद-अध्ययन

मराठी भाषकांचे इंग्रजी क्रियापद-अध्ययन म्हणजे मातृभाषा किंवा शाळेचे माध्यम मराठी असलेल्या विद्यार्थ्याने इंग्रजीतील काळ, संकेतार्थी वाक्ये आणि एका क्रियापदामागून येणाऱ्या दुसऱ्या क्रियापदाच्या रचना आत्मसात करणे. या अध्ययनात होणाऱ्या बहुतेक चुका निष्काळजीपणाच्या नसतात. विद्यार्थी मराठीचा नियम इंग्रजीला प्रामाणिकपणे लावतो, म्हणून त्या होतात.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत मंचर, नारायणगाव यांसारखी बाजारपेठेची गावे सोडली, तर इंग्रजी कानावर पडण्याचे प्रसंग थोडे. पश्चिमेकडील डोंगराळ भागात महादेव कोळी व ठाकर समाजांची वस्ती आहे. तेथील मुलांच्या घरची बोली प्रमाण मराठीहून निराळी असल्याने त्यांना इंग्रजी वाक्यापर्यंत दोन पायऱ्या चढाव्या लागतात.

काळ

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर मराठीची मांडणी करण्याची प्रथा पुढे शाळांत रूढ झाली आणि काळांची नावे दोन्ही भाषांत जोडीने पाठ होऊ लागली. मोरो केशव दामले यांनी १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या ग्रंथात क्रियापदांच्या रूपांवरून आख्यातांची व्यवस्था लावली, परंतु शालेय शिक्षणात काळांचा तक्ताच टिकला. तो पाठांतराला सोयीचा असला तरी फसवा आहे.

‘पूर्ण भूतकाळ’ हे त्याचे ठळक उदाहरण. ‘मी काल जुन्नरला गेलो होतो’ हे अगदी स्वाभाविक मराठी वाक्य आहे. तक्त्याप्रमाणे विद्यार्थी ‘आय हॅड गॉन टू जुन्नर यस्टर्डे’ असे लिहितो. इंग्रजीत येथे ‘आय वेंट’ पुरते. ‘हॅड गॉन’ हे रूप भूतकाळातील दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधी घडलेल्या क्रियेसाठी राखलेले असते. मराठीतील ‘होतो’ला अशा दुसऱ्या घटनेची गरज नसते.

कालावधी सांगतानाही असेच घडते. ‘मी पाच वर्षांपासून मंचरला राहतो’ यात मराठीला साधा वर्तमानकाळ पुरतो, म्हणून ‘आय लिव्ह इन मंचर सिन्स फाइव्ह इयर्स’ असे वाक्य तयार होते. इंग्रजीला ‘हॅव बीन लिव्हिंग’ हवे असते. शिवाय आरंभबिंदूसाठी ‘सिन्स’ आणि कालावधीसाठी ‘फॉर’ असा भेद ती करते. मराठीत दोन्हीकडे ‘पासून’ चालते. ‘मला माहीत आहे’ मधील ‘आहे’चा ‘ॲम’ करून ‘आय ॲम नोइंग’ म्हणणे हाही याच जातीचा दोष होय. उलट, निघण्याआधीच ‘आलोच!’ म्हणणाऱ्या भाषेतील मुलाला क्रियापदाचे रूप आणि प्रत्यक्ष वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे समजणे अवघड जाऊ नये.

संकेतार्थ

सर्वाधिक गोंधळ येथे होतो. ‘पाऊस पडला तर भात लावू’ या वाक्यात पाऊस अजून पडायचा आहे, तरी मराठी ‘पडला’ हे भूतकाळी रूप वापरते. इंग्रजी त्याच जागी वर्तमानकाळ घेते : ‘इफ इट रेन्स, वी विल प्लँट राइस’. विद्यार्थी एकतर ‘पडला’चे शब्दशः भाषांतर करतो किंवा अर्थ भविष्याचा म्हणून ‘इफ’नंतर ‘विल’ घालतो.

‘माझ्याकडे जमीन असती तर मी कांदा लावला असता’ हे वाक्य आजच्या कल्पनेसाठीही चालते आणि हुकलेल्या हंगामाच्या खंतीसाठीही. कोणता अर्थ घ्यायचा हे संदर्भावरून कळते. इंग्रजीत मात्र दोन्हींची रूपे वेगळी. आजची कल्पना असेल तर ‘इफ आय हॅड लँड, आय वुड प्लँट अनियन्स’. हंगाम निघून गेला असेल तर ‘इफ आय हॅड हॅड लँड, आय वुड हॅव प्लँटेड अनियन्स’. लागोपाठ आलेले दोन ‘हॅड’ विद्यार्थ्याला छपाईची चूक वाटतात. पहिले साहाय्यक, दुसरे मुख्य क्रियापद हे फोड करून दाखवल्याशिवाय पटत नाही.

मराठीत ‘जर’ गाळता येतो, ‘तर’ सहसा नाही. इंग्रजीत सामान्यतः ‘इफ’ आवश्यक असते आणि ‘देन’ बहुधा गाळले जाते.

क्रियापदांच्या रचना

‘एन्जॉय’नंतर ‘स्विमिंग’, ‘वाँट’नंतर ‘टू स्विम’ अशा जोड्या पाठच कराव्या लागतात. परंतु जेथे रचनेबरोबर अर्थ बदलतो, तेथे मराठी हाताशी येते. ‘ही स्टॉप्ड टॉकिंग’ म्हणजे तो बोलायचे थांबला. ‘ही स्टॉप्ड टू टॉक’ म्हणजे तो बोलायला थांबला. कुलूप लावल्याचे आठवणे (‘रिमेंबर लॉकिंग’) आणि कुलूप लावायची आठवण ठेवणे (‘रिमेंबर टू लॉक’) हा फरकही मराठीत आधीच आहे. पाठ्यपुस्तके या साम्याचा उपयोग फारच कमी करतात.

सराव

पूर्वी तर्खडकर भाषांतर पाठमालेतून वाक्यामागून वाक्य भाषांतरित करण्याचा सराव होई. पुढे संभाषणाधारित पद्धतीत भाषांतर मागे पडले. तथापि वरील चुका दोन भाषांच्या सीमेवर घडत असल्याने तुलनेविना केवळ गाळलेल्या जागा भरून त्या सुटत नाहीत. त्यापेक्षा एकच प्रसंग तीन प्रकारे मांडणे उपयुक्त ठरते : डिंभे धरणातून पाणी सुटले तर काय करू, आज सुटते तर काय केले असते, गेल्या महिन्यात सुटले असते तर काय झाले असते. घोड नदीकाठच्या मुलांना या तिन्हींतील फरक शेतीवरून ठाऊक असतो; शिकायची असतात ती त्यांची इंग्रजी रूपे.