श्वास लागला तर तो व्यायामच

मार्वेच्या धक्क्यावरून मनोरीला जाणाऱ्या फेरीबोटीत मोबाईलवर गेम खेळणारी पोरं हमखास दिसतात. मान खाली, दोन अंगठे तेवढे चालू. शेजारी पाट्या घेऊन बसलेल्या कोळणी असतात. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन धक्का चढताना त्यांची मान, पाठ, पोटऱ्या सगळं कामाला लागतं. हे दोन्ही एका नजरेत पाहिल्यावर कुणीही म्हणेल की व्हिडिओ गेम म्हणजे बसून राहण्याचा धंदा आणि त्याला व्यायाम म्हणणं ही निव्वळ पळवाट. बोटीतल्या पोरांपुरतं ते खरं आहे. पण आपण तिथे थांबत नाही. ‘पडद्यावरचा खेळ तो व्यायाम नव्हेच’ असा सरसकट सिद्धांत करून टाकतो. माझा वाद या सिद्धांताशी आहे.

श्रम मोजायचं माप ठरलेलं आहे. माणूस स्वस्थ बसून जेवढी ऊर्जा खर्च करतो ती एक ‘मेट’. साधारण तिनापासून पुढे मध्यम श्रम, सहापासून पुढे जोरकस. बार्बरा एन्सवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या शेकडो हालचालींची या मापाने सूची केली आहे आणि जगभरचे संशोधक ती वापरतात. २०११च्या आवृत्तीत अंग हलवून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या नोंदी आहेत. तोल सांभाळण्याचे, आसनांचे हलके खेळ २.३, मध्यम जोराचे ३.८ आणि ‘डान्स डान्स रेव्होल्युशन’सारखे नाचाचे खेळ ७.२. त्याच सूचीत साध्या जॉगिंगला ७ आहेत. पडदा समोर आहे म्हणून फुप्फुसं कमी हवा ओढत नाहीत.

हा नाचाचा खेळ कोनामी या जपानी कंपनीने १९९८ साली आणला. पायाखाली बाणांची चटई. पडद्यावर बाण वर सरकतात आणि गाण्याच्या ठेक्यावर त्या त्या बाणावर पाऊल पडलं पाहिजे. ठेका वाढला की उड्या, गिरक्या सुरू होतात आणि गाणं संपता संपता कपडे घामाने भिजतात. आता आपलं लेझीम डोळ्यांसमोर आणा. हलगीचा ठेका, पाऊल पुढे, कमरेत वाकणं, एका गुडघ्यावर बसणं, उठताना गिरकी, आणि चुकू नये म्हणून नजर पुढच्या गड्याच्या पायावर. लेझीम कवायतीच्या तासाला शिकवतात आणि तो व्यायाम आहे याबद्दल महाराष्ट्रात कुणाच्या मनात शंका नाही. मंगळागौरीच्या झिम्मा-फुगड्यांबद्दलही नाही. ठेका हलगीऐवजी यंत्राने दिला आणि खूण गड्याच्या पावलाऐवजी बाणाने केली, तर घाम खोटा कसा ठरतो?

यावर एक काटेकोर आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. १९८५ साली कॅस्परसन आणि सहकाऱ्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. स्नायूंनी ऊर्जा खर्चून केलेली कुठलीही हालचाल ही शारीरिक हालचाल. आणि तंदुरुस्तीसाठी ठरवून, आखून, पुन्हापुन्हा केलेली ती व्यायाम. गेम खेळणारा तंदुरुस्तीसाठी खेळत नाही, सबब तो व्यायाम नव्हे, असं यावरून म्हणता येईल. पण मग ही कसोटी सगळीकडे लावा. डाव जिंकण्यासाठी कबड्डी खेळणारा बाद होतो. घर चालावं म्हणून पाटी वाहणारी कोळीणही बाद होते. जागतिक आरोग्य संघटनेची २०२०ची मार्गदर्शक तत्त्वं प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम सांगतात, आणि त्यात काम, प्रवास, घरकाम, खेळ सगळं धरतात. प्रत्येक तुकडा सलग दहा मिनिटांचा हवा, ही जुनी अटही आता उरलेली नाही. हृदय हेतू विचारत नाही.

दुसरा आक्षेप प्रयोगांच्या आधाराने येतो. २००७ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात लिव्हरपूलच्या संशोधकांचा अभ्यास आला. हातातला रिमोट हलवून खेळायच्या निन्टेन्डो वी या यंत्रावर बॉक्सिंग, टेनिस, बोलिंग खेळणाऱ्या मुलांची ऊर्जा बसून खेळण्यापेक्षा निदान ५१ टक्के जास्त खर्च झाली; तरीही मुलांच्या रोजच्या गरजेत धरण्याइतका तो श्रम नव्हता. मला हे मान्य आहे. वीवरचं टेनिस सोफ्यावर बसून मनगटाच्या झटक्यानेही जिंकता येतं. पण यातून सिद्ध होतं ते इतकंच, की हे खेळ आणि ती खेळण्याची पद्धत अपुरी होती. संथ फेरफटका पुरेसा नाही म्हणून चालणं हा व्यायामच नव्हे, असं आपण म्हणत नाही.

फोन घेऊन बाहेर चालत खेळायच्या ‘पोकेमॉन गो’चंही तसंच. अमेरिकेतल्या खेळाडूंच्या अभ्यासात पहिल्या आठवड्यात रोजची सरासरी ९५५ पावलं वाढली आणि सहाव्या आठवड्यापर्यंत ती वाढ विरून गेली. ही त्रुटी सातत्याची आहे. एखादी गोष्ट व्यायाम आहे का, हा एक प्रश्न. माणूस ती चालू ठेवेल का, हा दुसरा. जानेवारीत पैसे भरून मार्चमध्ये जिम सोडणाऱ्याने जानेवारीत केला तो व्यायामच होता.

उलट बाजूची अतिशयोक्तीही मला मान्य नाही. डिसेंबर २०२२मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणलं, तेव्हापासून ‘आता हा अधिकृत खेळ आहे’ असं घरोघरी ऐकवलं जातं. कौशल्य आहे, चुरस आहे, खेळ म्हणा. सामना रंगला की छाती धडधडते हेही खरं. पण ती धडधड ताणाची, अ‍ॅड्रेनलिनची. मांड्या आणि पाठ प्राणवायू मागत नसताना वाढलेले ठोके शरीर घडवत नाहीत. बोटीतला पोरगा कितीही थरारला तरी त्याचा व्यायाम झालेला नाही. अंग हलवून खेळायच्या बहुतेक खेळांतही स्नायूंना पुरेसं वजन मिळत नाही. त्यासाठी जोर-बैठका वेगळ्या काढाव्याच लागतील.

मग इतक्या अटी घालून मी हा पक्ष का धरतो? ‘मैदानात जा’ हा सल्ला ज्यांच्यासाठी मैदानच नाही त्यांच्यासाठी. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत महाराष्ट्रही होता. तीत ५४.४ टक्के माणसं निष्क्रिय आढळली. मोकळ्या वेळात खेळ किंवा व्यायाम करणारी दहा टक्केही नव्हती. २०२४च्या ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधल्या अंदाजानुसार भारतात अपुरी हालचाल करणाऱ्या स्त्रिया ५७ टक्के आहेत, पुरुष ४२. मनोरीत किनारा दाराशी आहे, पण आषाढात तिथे कोण धावणार? आणि खाडीपलीकडे मालाडच्या दोन खोल्यांत संध्याकाळचा स्वयंपाक ओट्यावर असलेल्या बाईने कुठल्या मैदानात जायचं? तिने मुलीबरोबर टीव्हीसमोर वीस मिनिटं नाचाचा खेळ खेळला तर ‘त्यापेक्षा चालायला जा’ म्हणून तिला हिणवणाऱ्याने तिची वीस मिनिटंही काढून घेतली. मोजमाप तिला स्वतःला करता येतं. खेळताना बोलता येतंय पण गाता येत नाही, तर श्रम मध्यम. चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय, तर जोरकस. आरामात गाणं म्हणता येत असेल, तर तेवढा वेळ हिशेबात धरू नये.