‘अरुणोदया’तील विद्यार्थी

मराठी आत्मचरित्राचा इतिहास लिहिताना बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदया’चा उल्लेख सहसा चुकत नाही, पण तो उल्लेखापुरताच राहतो. दादोबा पांडुरंगांचे आत्मचरित्र त्याच्या आधी लिहिले गेले, परंतु ते १९४७ साली अ. का. प्रियोळकरांनी संपादित करून प्रसिद्ध करीपर्यंत वाचकांसमोर आले नव्हते. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील मराठी वाचकाच्या हाती पडलेले आरंभीचे आत्मचरित्र म्हणून ‘अरुणोदया’चे स्थान निर्विवाद आहे. तरीही ‘धर्मप्रचाराचे पुस्तक’ असा शिक्का मारून ते बाजूला ठेवण्याची टीकाकारांची सवय जुनी आहे. ह्या पुस्तकातला उपदेशाचा भाग आज रुक्ष वाटतो, हे मान्यच केले पाहिजे. पण त्या उपदेशाच्या आड एक विद्यार्थी उभा आहे. तो वर्गात बायबल ऐकतो, घरी देवघरासमोर उभा राहतो आणि ह्या दोहोंच्या मधल्या वाटेवर कित्येक वर्षे एकटाच चालत राहतो. त्या विद्यार्थ्याचे इतके जवळून घडणारे दर्शन त्या काळच्या मराठीत अन्यत्र क्वचितच मिळते.

पदमनजींचा जन्म १८३१ साली बेळगावात, त्वष्टा कासार जातीत झाला. घरातले वातावरण धार्मिक होते. व्रते, पूजा, सोवळेओवळे आणि पोथ्यांचे वाचन ह्यांत ते वाढले. ह्या मुलाची श्रद्धा मुळातच उत्कट होती, ही गोष्ट महत्त्वाची. नास्तिकपणातून वा बेपर्वाईतून तो ख्रिस्ताकडे गेला नाही. आधीच्या भक्तीची सवयच त्याला नव्या भक्तीकडे घेऊन गेली. बेळगावच्या मिशन शाळेत आरंभीचे शिक्षण घेऊन १८४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तो मुंबईत आला आणि पुढे फ्री चर्चच्या विद्यालयात दाखल झाला.

हे विद्यालय म्हणजे डॉ. जॉन विल्सन ह्यांनी १८३२ साली सुरू केलेल्या शाळेचेच पुढचे रूप होय. १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली, तेव्हा मुंबईचे मिशनरी फ्री चर्चच्या बाजूने गेले आणि त्यांच्याबरोबर त्यांचे विद्यार्थीही गेले. आजचे विल्सन कॉलेज त्याच परंपरेतले. त्याची चौपाटीवरची इमारत १८८९ सालची. विल्सन, रॉबर्ट नेस्बिट, मरे मिचेल ही मंडळी मराठी उत्तम जाणत. त्यांच्या विद्यालयात येणारी बहुतेक मुले हिंदू, काही पारशी. इंग्रजी, गणित, भूगोल ह्यांच्या जोडीला बायबलचे शिक्षण असे. पालकांना ते ठाऊक होते. इंग्रजीवाचून नोकरी नाही, आणि बायबलचा तास मुलगा एका कानाने ऐकून दुसऱ्या कानाने सोडून देईल, असा त्यांचा हिशोब असे. बहुतांशी तो बरोबरही ठरे. ह्या विद्यालयांतून शेकडो मुले शिकून बाहेर पडली. ख्रिस्ती झालेली अगदी मोजकी.

पण त्या मोजक्यांनी शहर हादरवले. १८३९ साली धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी ह्या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला. प्रकरण न्यायालयात गेले आणि भयभीत पालकांनी मुले शाळेतून काढून घेतली. १८४३ साली नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही नेस्बिटसाहेबांच्या घरी राहिला होता. तो अजाण, म्हणून न्यायालयाने त्याला बापाच्या ताब्यात दिले. पण मुलगा घरी आल्याने प्रश्न मिटला नाही. तेथूनच तो सुरू झाला. श्रीपत साहेबाच्या घरी जेवला होता. त्याला पुन्हा पंक्तीस घ्यावे की नाही, ह्यावरून ब्राह्मणसमाजात तट पडले. बाळशास्त्री जांभेकर शुद्धीच्या बाजूने उभे राहिले आणि त्याबद्दल त्यांनी बराच त्रास सोसला. मुलाची श्रद्धा काय आहे, त्याने प्रार्थना केली की नाही, हे विचारायला कोणी थांबले नाही. त्याने काय खाल्ले आणि कोणाच्या हातचे खाल्ले, एवढाच वादाचा मुद्दा होता.

पदमनजींच्या विद्यार्थीदशेवर ह्या घटनांची छाया पडलेली होती. ख्रिस्ताविषयीचा विश्वास त्यांच्या मनात बाप्तिस्म्याच्या कितीतरी आधी रुजला होता. तरी ते घरी राहत होते, घरचे अन्न खात होते आणि कुटुंबाच्या रीतीप्रमाणे वागत होते. प्रार्थना चाले ती एकांतात. वरवर पाहता हा भित्रेपणा वाटेल, आणि पुढे पदमनजींनी स्वतःकडे काहीसे तसेच पाहिले आहे. परंतु त्या काळाची व्यवस्था ध्यानात घेतली म्हणजे ह्या विलंबाला निराळा अर्थ येतो. विश्वास ठेवणे हे मनातले काम होते. बाप्तिस्मा घेणे म्हणजे त्याच रात्री आईच्या स्वयंपाकघराबाहेर पडणे होते. वडिलोपार्जित मालमत्तेवरचा हक्क धर्मांतराने जाऊ नये, असा कायदा १८५० साली झाला खरा. पण कायद्याने घर मिळे, घरातले ताट मिळत नसे.

ह्याच वर्षांत मुंबईत परमहंस मंडळी काम करीत होती आणि पदमनजी तिचेही सभासद होते. १८४९ च्या सुमारास स्थापन झालेल्या ह्या गुप्त मंडळीत दादोबा पांडुरंगांची प्रेरणा होती, राम बाळकृष्ण जयकर अध्यक्ष होते. एकेश्वराची प्रार्थना व्हावी आणि जातिभेद मोडावा, हा तिचा उद्देश. प्रवेश घेणाऱ्याने परजातीच्या माणसाच्या हातचा पाव खायचा, ही तिची कसोटी. पाव खाऊन सभासद गुपचूप घरी जात आणि दुसऱ्या दिवशी पूर्ववत सोवळे पाळीत. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीस गेल्याची बोलवा झाली आणि मंडळी विस्कटली. पुढे ह्यातूनच प्रार्थनासमाजाची माणसे आली, म्हणून मराठी इतिहासकारांनी परमहंसांच्या गुप्ततेकडे बऱ्याच ममतेने पाहिले. ती ममता गुप्तपणे प्रार्थना करणाऱ्या मिशन शाळेतल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला आली नाही. वास्तविक दोघांची कोंडी एकच होती. एकाने चोरून जात मोडली होती, दुसऱ्याने चोरून देव बदलला होता, आणि रात्री दोघेही त्याच घरी परतत होते. पदमनजी ह्या दोन्ही वाटा स्वतः चालले, म्हणून त्यांची साक्ष मोलाची. मंडळीच्या बुद्धिनिष्ठ एकेश्वरवादाने त्यांचे समाधान झाले नाही. भक्तीत वाढलेल्या त्या मनाला आपली हाक ऐकणारा देव हवा होता.

कलकत्त्यात हेच नाट्य थोड्या निराळ्या रंगात घडले. त्या शहराच्या पूर्वेस तेव्हा खाऱ्या पाण्याची तळी आणि दलदल होती. १९६० नंतरच्या दशकात ती भरून तेथे सॉल्ट लेक, म्हणजेच बिधाननगर, वसवले गेले. सेक्टर आणि ब्लॉकच्या अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या त्या आखीव नगरीतल्या आजच्या ख्रिस्ती विद्यार्थ्याला शेजाऱ्याच्या जातीची आठवण घराच्या पत्त्यावरून होत नाही. अलेक्झांडर डफ ह्यांनी १८३० साली ज्या कलकत्त्यात आपली शाळा काढली, ते मात्र भिंतीला भिंत लागून असलेल्या मोहल्ल्यांचे शहर होते. १८३१ साली हिंदू कॉलेजातून बाहेर पडलेल्या कृष्णमोहन बॅनर्जींच्या घरी, ते नसताना, त्यांच्या मित्रांनी गोमांस खाल्ले आणि हाडे शेजारच्या ब्राह्मणाच्या आवारात फेकली. कृष्णमोहनांना घर सोडावे लागले. १८३२ साली त्यांनी डफ ह्यांच्याकडून बाप्तिस्मा घेतला. म्हणजे घर आधी सुटले आणि ख्रिस्त मागून भेटला. पदमनजींचा क्रम नेमका ह्याच्या उलट आहे, आणि बंगाली तरुणाच्या बंडखोरीपेक्षा मराठी तरुणाचा हा संथ, दुखरा विलंब अभ्यासकाला अधिक काही सांगून जातो.

मधुसूदन दत्तांची गोष्ट आणखी वेगळी. १८४३ च्या फेब्रुवारीत ते ख्रिस्ती झाले. हिंदू कॉलेजचे दार त्यांना बंद झाले, म्हणून ते शिबपूरच्या बिशप्स कॉलेजात गेले. मुलावर रागावलेले वडील तिथला खर्च काही काळ देत राहिले, हे विसरता येत नाही. कॉलेजातही समानता नव्हतीच. युरोपीय विद्यार्थ्यांचा पोशाख आपल्यालाही हवा म्हणून मधुसूदन अधिकाऱ्यांशी भांडले आणि तो मिळेना तेव्हा भडक देशी पोशाख करून हजर झाले, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. घरच्या पंक्तीतून उठलेल्या विद्यार्थ्याला नव्या पंक्तीतही शेवटचीच जागा मिळू शकते, हे त्या प्रसंगातून दिसते. वडिलांनी हात आखडता घेतल्यावर १८४७ च्या अखेरीस ते मद्रासला निघून गेले.

पदमनजींनी १८५४ च्या सप्टेंबरमध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, बेळगावातच बाप्तिस्मा घेतला. मुंबईच्या गर्दीत, ओळखीच्या मिशनऱ्यांच्या आश्रयाला राहून ही गोष्ट उरकणे अधिक सोपे झाले असते. ती घडली ती आईवडिलांच्या गावात. पुढे त्यांनी शंभराच्या आसपास लहानमोठी पुस्तके लिहिली, नियतकालिके चालवली, कोश केले. त्यांतले ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाले आणि मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ते अनेकदा सांगितले जाते. विधवांच्या स्थितीचे चित्रण म्हणून त्याची वाखाणणी होते, ती योग्यच आहे. पण यमुनेचा नवरा विनायकराव ह्याच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. मनाने तो ख्रिस्ती आहे, पण बाहेरून हिंदू समाजातच राहतो, आणि बाप्तिस्मा घेतो तो मृत्युशय्येवर. बाप्तिस्म्यानंतर तीनच वर्षांनी पदमनजींनी हे पात्र निर्माण केले, हे ध्यानात घेतले तर विनायकरावात त्यांच्या विद्यार्थीदशेचा अंश ओळखू येतो. गुप्त विश्वासात राहिलेल्या माणसाला निर्णयापूर्वीच मरण गाठते की काय, ही धास्ती त्या कथेच्या तळाशी आहे.

ह्या सर्व वृत्तांतांत एक बाजू जवळजवळ मुकी आहे. हे विद्यार्थी बहुधा विवाहित असत. कलकत्त्यात १८४५ साली डफ ह्यांच्या शाळेतला उमेशचंद्र सरकार आपल्या अल्पवयीन पत्नीसह ख्रिस्ती झाला, तेव्हा देवेंद्रनाथ ठाकूरांसारखा शांत माणूसही चळवळीस उभा राहिला. परंतु कितीतरी मुली माहेरीच राहिल्या. त्या ना सधवा, ना विधवा. अशा विवाहांचे काय करावे, ह्याचा कायदा १८६६ साली आला, आणि तोही धर्म बदलणाऱ्याच्या सोयीचा होता. सोवळ्यातल्या ब्राह्मण घरात वाढलेल्या आणि नवरा १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या एका स्त्रीने ह्या बाजूने लिहावे, ह्यासाठी मराठीला विसाव्या शतकातल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’ची वाट पाहावी लागली. त्यातही नव्या धर्माच्या तत्त्वांपेक्षा चूल, पाणी आणि शिवाशिव ह्यांच्याशी चाललेला झगडाच अधिक जागा व्यापतो.