वर्षाचा सन्मान आणि संस्थेचा धीर

अमेरिकेतील विद्यापीठांचे क्रीडासंघ ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांत विभागलेले असतात. त्यांपैकी अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स १९५३ मध्ये स्थापन झाली. तिच्या पुरुष बास्केटबॉल संघांच्या सर्वोत्तम मुख्य प्रशिक्षकास १९५४ पासून वार्षिक सन्मान दिला जातो. पहिले मानकरी होते नॉर्थ कॅरोलायना स्टेटचे एव्हरेट केस.

ही निवड मतदानाने होते आणि राष्ट्रीय स्पर्धेचा निकाल लागण्यापूर्वीच जाहीर होते. साहजिकच संघाकडून अपेक्षा काय होती आणि त्याने करून काय दाखविले, यातील अंतराला मतदार महत्त्व देतात. ड्यूक विद्यापीठाचे माइक शशेव्स्की यांनी १९९१, १९९२, २००१, २०१० व २०१५ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. परंतु त्यांना हा सन्मान पाच वेळा लाभला तो १९८४, १९८६, १९९७, १९९९ व २००० मध्ये. दोन्ही याद्यांत एकही वर्ष समान नाही!

प्रशासनाच्या अभ्यासकाला या सन्मानापेक्षा त्याआधीची वर्षे अधिक शिकवून जातात. शशेव्स्की १९८० मध्ये ड्यूकमध्ये आले. त्यांच्या दुसऱ्या व तिसऱ्या हंगामांत मिळून विजय २१ आणि पराभव ३४. त्यांना काढून टाकण्याची मागणी होऊ लागली. अशा वेळी क्रीडा संचालक टॉम बटर्स यांनी जानेवारी १९८४ मध्ये त्यांचा करार वाढविला. त्याच हंगामात त्यांना पहिला सन्मान मिळाला. पुढे ते २०२२ पर्यंत त्या पदावर राहिले.

हा सन्मान सर्वाधिक, म्हणजे आठ वेळा मिळविणारे नॉर्थ कॅरोलायनाचे डीन स्मिथ यांची कथाही याच वळणाची आहे. १९६१ मध्ये ते मुख्य प्रशिक्षक झाले. जानेवारी १९६५ मध्ये एका पराभवानंतर संतप्त विद्यार्थ्यांनी त्यांचा पुतळा फासावर लटकविला. विद्यापीठाने मात्र त्यांना पदावरून हटविले नाही. १९६७ मध्ये त्यांना पहिला सन्मान मिळाला आणि १९९७ मध्ये ते ८७९ विजयांसह निवृत्त झाले.

आपल्याकडे अखिल भारतीय सेवांच्या २००७ च्या नियमांनुसार अधिकाऱ्याच्या वर्षभराच्या कामाला एक ते दहा यांमधील गुण दिले जातात. असे वार्षिक मूल्यमापन आवश्यकच आहे. पण पाणलोट विकास असो वा शाळांची गुणवत्ता, अशा कामांची फळे एका आर्थिक वर्षात हाती येत नाहीत. तेथे योग्य व्यक्तीला पुरेसा काळ त्या जागी ठेवणे, हाच वरिष्ठांचा खरा निर्णय असतो. बटर्स यांनी तो घेतला तेव्हा समोरचे आकडे त्यांच्या विरुद्ध होते.